घरातली ठणठणीत मुलगी

आमच्या घरात एकाच दिवशी तीन रिपोर्ट आले. एक आईचा, एक माझ्या धाकट्या भावाचा म्हणजे सागरचा, आणि एक माझा. वडील त्याच्या दोन महिने आधी गेले होते. मार्केट यार्डात ते तोलणार होते, म्हणजे आलेला माल काट्यावर चढवून त्याचं वजन पुकारायचं काम. शेवटी शेवटी त्यांचं स्वतःचं वजन पुकारण्यासारखं राहिलं नव्हतं. ते कशाने गेले याबद्दल नातेवाइकांत तीन मतं होती: कावीळ, टीबी आणि करणी. चौथं मत डॉक्टरांचं होतं, पण डॉक्टर नात्यातले नसल्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही. तरी त्यांच्या आग्रहाखातर आमचं तिघांचं रक्त तपासलं गेलं. आई पॉझिटिव्ह, सागर पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. मी सात वर्षांची होते, मला यातला एकही शब्द कळला नाही. मामांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "तुझा चांगला आहे." मामीने देवापुढे साखर ठेवली, त्यातली चिमूटभर माझ्या हातावर घातली आणि डोळे पुसत म्हणाली, "ही तरी ठणठणीत आहे." ते माझं दुसरं बारसं. पुढची आठ-नऊ वर्षं त्या घरात मी ठणठणीत होते, आणि ठणठणीत माणसाकडे बघायला कुणाला सवड असते?

वडील गेल्यावर आम्ही तिघं मामांकडे राहायला आलो होतो. त्यांचं घर बिबवेवाडीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. वर दोन खोल्या आणि खाली रस्त्याला लागून मामांचं रबरी शिक्क्यांचं दुकान. 'खरी प्रत', 'आवक', 'जावक', 'मानद सचिव'. त्या भागातल्या सगळ्या सोसायट्यांच्या सचिवांना सचिवपण मामांनीच बहाल केलं होतं. घरात कायम तापलेल्या रबराचा वास. दिवसभर अक्षरं उलटी जुळवायची सवय असल्यामुळे उलटं लिहिलेलं मामा झरझर वाचत. सरळ समोर दिसणारी गोष्ट मात्र त्यांना दोनदा सांगावी लागे. त्यांचं बोलणंही शिक्क्यावर मावेल एवढंच, दोन शब्द, फार तर तीन. उरलेले सगळे शब्द मामीच्या वाट्याला आले होते आणि ती ते सढळ हाताने वापरायची. फक्त एक शब्द सोडून. आजाराचं नाव तिने कधी घेतलं नाही. ती 'ते' म्हणायची. "त्याचं ते आहे ना, म्हणून." "हिच्या त्याच्यामुळे." शेजारच्या काकूंना तिने सांगितलं होतं की सागरला रक्त कमी आहे आणि आईला अशक्तपणा आहे. काकू तितक्याच सुसंस्कृत. त्यांना सगळं माहीत होतं, आणि रक्त वाढावं म्हणून त्या दर आठवड्याला बीट आणून द्यायच्या, दाराबाहेर ठेवून, बेल न वाजवता.

आईचं ताट, वाटी आणि पेला मामीने वेगळा ठेवला होता. पण तो वेगळा आहे असं आईला वाटू नये म्हणून तिने बाजारात जाऊन त्यावर आईचं नाव कोरून आणलं आणि सगळ्यांना सांगितलं की हा माहेरवाशिणीचा मान आहे. आई त्या मानाने रोज जेवायची. मामीला मी दुष्ट म्हणत नाही, आजही म्हणत नाही. ती घाबरट होती आणि प्रेमळ होती, आणि या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की काय काय होतं ते मी नऊ वर्षं जवळून पाहिलं. ती माळकरी. तिच्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं. पण डॉक्टरांनी सागरला रोज एक अंडं द्या म्हटल्यावर तिने जिन्याखाली वेगळा स्टोव्ह मांडला, वेगळं पातेलं घेतलं, आणि अंडं उकडत ठेवायच्या आधी वर येऊन देव्हाऱ्याचा पडदा ओढून घ्यायची. अंडं, दूध, खजूर, नाचणीचा लाडू, हे सगळं सागरचं. मी एकदा लाडवाकडे हात नेला तेव्हा ती रागावली नाही, फक्त समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुला काय झालंय? तू ठणठणीत आहेस." मला खरंच काही झालं नव्हतं.

आईही मार्केट यार्डात जायला लागली, बारदानाच्या कामाला. फाटलेली पोती दाभणाने आणि सुतळीने शिवायची. मिरचीची पोती असली की तिच्या लुगड्यात, केसांत, नखांत मिरचीची पूड बसायची. ती संध्याकाळी घरात शिरली की आधी आम्ही सगळे शिंकायचो, मग कुणीतरी "आलीस का" म्हणायचं. मला आजही कुठे मिरची भाजली की आधी आई आठवते, मग डोळ्यांत पाणी येतं. लोकांना वाटतं क्रम उलटा आहे.

सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायला लागल्या, त्याच्या काही महिने आधी आई गेली. तिला आयुष्यात कधी बससुद्धा वेळेवर मिळाली नव्हती. जाण्याआधी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "सागरकडे बघ." माझ्याकडे कोण बघणार ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग फुकटच्या गोळ्या आल्या. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, आणि एकही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मामा दुकानात, मामी देवळात, तेव्हा ते काम आपोआप माझ्याकडे आलं. शाळेची सहल रात्री परतणार असेल तर मी जायचे नाही. गॅदरिंगमध्ये माझा नाच साडेसातला ठरला की मी पाय मुरगळल्याचं सांगायचे. वर्गात माझा पाय इतक्यांदा मुरगळला की पी.टी.च्या सरांनी मला हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

सागरला काय झालंय हे सागरला माहीत नाही, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. सागरला सगळं माहीत आहे हे फक्त मला माहीत होतं. दवाखान्याच्या भिंतीवर या आजाराचं हे मोठं पोस्टर लावलेलं असायचं आणि सागर चौथीत होता, त्याला वाचता येत होतं. त्याने पोस्टर शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मला विचारलं, "ताई, हे मीच ना?" मी हो म्हटलं. मग त्याला सांगितलं की मामीला कळू देऊ नकोस, तुला कळलंय हे कळलं तर तिला धक्का बसेल. त्याने ते पाळलं. मामी त्याला 'शक्तीच्या गोळ्या' म्हणून गोळ्या द्यायला सांगायची, तो 'शक्ती आली' म्हणून दंड फुगवून दाखवायचा, आणि तिघंही आपापल्या जागी समाधानी असायचो.

मी दहावीत गेले आणि त्या वर्षी तपासणीत सागरची प्रतिकारशक्ती खाली आलेली दिसली. डॉक्टरांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, घरी गोळ्या कोण बघतं? मामा, मामी आणि सागर, तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. घरी आल्यावर सागरने मला गुपचूप सांगितलं की संध्याकाळची गोळी तो दोन महिने तोंडात धरून ठेवत होता आणि नंतर खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत पुरत होता. त्याला कंटाळा आला होता, एवढंच. बारा वर्षांच्या मुलाला कंटाळा येऊ शकतो ही शक्यता कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. ती कोरफड त्या वर्षी फार फोफावली होती आणि मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होती. मी हे घरात सांगितलं नाही. त्याला बोलणी बसली असती. मग बोलणी मला बसली. मामी ओरडली नाही. पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझ्या आईने तुझ्यावर सोपवलं होतं."

त्यानंतर मला काय झालं हे सांगणं अवघड आहे, कारण बाहेरून काहीच झालं नाही. मी उठत होते, शाळेत जात होते. मामीचं मनगट दुखायचं म्हणून संध्याकाळच्या भाकरी मी करायचे, त्याही करत होते. फक्त पुस्तकातली ओळ वाचून संपली की पहिला शब्द आठवायचा नाही. जेवणाला चव नव्हती. पहाटे चारला डोळे उघडायचे ते उघडेच राहायचे. आणि एक विचार यायला लागला, की या घराला माझी आठवण दिवसातून दोनदा होते, दोन्ही वेळा आठ वाजता. तेव्हा आपण नसलो तर गजराचं एक चांगलं घड्याळ आणावं लागेल, याहून काही फरक पडणार नाही. हा विचार आधी पाहुण्यासारखा आला आणि मग भाडेकरूसारखा राहिला. पुण्यात भाडेकरू एकदा घरात शिरला की काय होतं ते मी सांगायला नको. काही आठवड्यांनी घर त्याचंच झालं आणि मी कोपऱ्यात.

याच सुमारास आम्ही विश्रांतवाडीच्या एका संस्थेत जायचो. महिन्यातून एक रविवार, दोन बस बदलून. जवळही एक होती, पण मामीने मुद्दाम लांबची निवडली. बिबवेवाडीतलं कुणी विश्रांतवाडीला तडमडायला येणार नाही, असा तिचा हिशेब. तिथे 'अशा' मुलांचा मेळावा भरायचा. पाहुणे यायचे, केळी वाटायचे, आणि मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून फोटो पाठीमागून काढायचे. पाहुण्यांचा चेहरा मात्र व्यवस्थित येईल हे बघितलं जायचं. एकदा आलेल्या वक्त्याने तासभर सांगितलं, "मुलांनो, आयुष्यात काहीही झालं तरी पॉझिटिव्ह राहा." समोरच्या चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या, ती अट त्यांनी जन्मतःच पूर्ण केली होती. आम्ही निगेटिव्ह भावंडं बाहेर, चपलांपाशी बसायचो. केळी मोजून आणलेली असायची.

त्या रविवारी संस्थेने 'मानसिक आरोग्य' असा विषय घेतला होता. कुठल्याशा कॉलेजच्या मुली हातात फॉर्म घेऊन आल्या होत्या, प्रत्येक मुलामागे एक फॉर्म, तीस प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, एकटं वाटतं का. एक मुलगी माझ्यापाशी आली, वाकून गोड हसली आणि माझं स्टेटस काय म्हणून विचारलं. मी निगेटिव्ह म्हटल्यावर ती म्हणाली, "ओह, सो लकी. मग हा तुझ्यासाठी नाहीये गं." आणि फॉर्म उचलून पुढे गेली. थोड्या वेळाने सागर स्वतःचा फॉर्म घेऊन बाहेर आला. आत कॅरम लागला होता आणि त्याचं अक्षर असं की ते वाचायला मामांसारखा उलटं वाचणारा माणूस लागायचा. तो म्हणाला, ताई, तूच भर, काहीही लिही. आणि पळाला.

मी पहिले पाच प्रश्न त्याचे भरले. भूक लागते का? खूप. मित्र आहेत का? आहेत. सहावा प्रश्न झोपेचा होता. सागर तर बसमध्ये उभ्याने झोपायचा. मी पेन टेकवलं आणि लिहिलं: पहाटे चारला जाग येते, परत लागत नाही. का लिहिलं ते तेव्हा कळलं नाही. पण एकदा एक खरं उत्तर लिहून झाल्यावर पुढचं खोटं लिहिता येईना. मी तीस प्रश्न भरले. 'आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का?' यापुढे चार चौकोन होते, कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज. मी 'रोज'वर अशी खूण केली की कागद फाटला. शेवटी दोन रिकाम्या ओळी होत्या: तुला रडू केव्हा येतं? तिथे मी लिहिलं, भाकरी थापताना, कारण हात पिठाचे असतात आणि डोळे पुसता येत नाहीत. वर नाव होतं सागरचं. मी फॉर्म पेटीत टाकला आणि परत चपलांपाशी येऊन बसले.

मंगळवारी दुकानात फोन आला. गुरुवारी सगळ्यांनी या, मुलाला घेऊन या, टाळू नका. मामांनी वर येऊन मामीला जे सांगितलं त्यात पहिल्यांदाच तीनपेक्षा जास्त शब्द होते. त्यानंतरचे दोन दिवस सागरने आयुष्यात उपभोगले नसतील असे होते. मामीने शिरा केला. अभ्यास माफ झाला. मामांनी दुकान दुपारचं बंद ठेवून त्याला सारसबागेत नेलं आणि काही न बोलता दोन तास बाकावर शेजारी बसले. मामी त्याच्या मागे मागे फिरून विचारायची, राजा, तुला काय सलतंय? त्याला एवढंच सलत होतं की हे सगळं आधी का सुरू झालं नाही. बुधवारी संध्याकाळी मी पीठ मळत होते तेव्हा तो माझ्यापाशी येऊन बसला. काय लिहिलंस म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, काहीही लिही म्हणाला होतास ना. तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. हातात शिऱ्याची वाटी होती, ती त्याने खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

संस्थेच्या समुपदेशक होत्या तांबोळी बाई. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांच्या घराण्याचं पेठेत अत्तराचं दुकान होतं आणि पिढ्यान् पिढ्या पुण्यात राहून त्यांचं बोलणं इतकं पुणेरी झालेलं, की कुणी सहानुभूतीच्या आशेने समोर आलं तर ते उभ्या उभ्या परत जाई. पाहुण्यांच्या दिवशी त्या आपल्या खोलीचं दार लावून आत बसायच्या. त्या गुरुवारी त्यांनी फॉर्म पुढे ठेवला आणि सागरला एकच प्रश्न विचारला: तुला भाकरी करता येते का रे? मामीला वाटलं बाईंची तब्येत बरी नाही. सागर नाही म्हणाला. मग थोडं थांबून तो म्हणाला, "ताई करते."

बाईंनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं. मला समोरची खुर्ची दाखवली. म्हणाल्या, "एक विचारते. गोल गोल उत्तर नको, मला साडेचारची बस आहे. तुला जीव द्यावासा वाटतो का?"

आमच्या घरात आजाराला 'ते' म्हणत, मरणाला 'बरंवाईट' म्हणत, आणि माझ्याबद्दल तर काहीच म्हणत नसत. बाईंनी तो प्रश्न असा विचारला होता, जसं कुणी विचारावं, चहात साखर घेतेस का. मला वाटलं होतं की असा शब्द कुणी उच्चारला तर छत खाली येईल. पंखा फिरत होता. मी म्हटलं, "हो."

त्या दचकल्या नाहीत. डोक्यावरून हात फिरवला नाही, की अजून किती आयुष्य पुढे आहे वगैरे ऐकवलं नाही. "बरं केलंस सांगितलंस," म्हणाल्या, आणि पुढचं विचारलं. कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं आहेस का. मी सगळं सांगितलं. काय ठरवलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. बाईंना सांगितलं तेवढं पुरे. आईचं सांगितलं, कोरफडीचं सांगितलं, लाडवाचंसुद्धा सांगितलं, आणि त्याची मला फार लाज वाटली, पण बाई लाडवाच्या वेळीही तितक्याच गंभीर होत्या. साडेचारची बस गेली. नंतरच्या दोन गेल्या. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "तू बाकी जे बोललीस ते या खोलीतच राहील. जीव द्यायचं मात्र राहणार नाही, ते मी तुझ्या मामांना सांगणार. विचारत नाहीये, सांगतेय." मला प्रचंड राग आला. त्या रागाच्या खाली कुठेतरी, डोक्यावरचं पोतं कुणीतरी खाली घेतल्यासारखंही झालं.

मामीला आधी कळेचना. ती सागरला जवळ ओढून बसली होती. "अहो, पण हिचा रिपोर्ट चांगला आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

"तो रक्ताचा रिपोर्ट होता, वहिनी," बाई म्हणाल्या. "मुलीचा अजून कुणी काढलेला नाही."

मामा भिंतीकडे बघत होते. मग ते उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "चूक झाली." एवढंच. दोन शब्द. पण मी त्यांचे हजारो शिक्के पाहिले आहेत, आणि इतका स्पष्ट उमटलेला एकही आठवत नाही.

बाई त्या दिवशी आमच्याबरोबर दोन्ही बसमधून बिबवेवाडीपर्यंत आल्या, आणि मला घरात एकटं कधी सोडायचं नाही, काय काय आवरून ठेवायचं, हे मामीला बारीकसारीक समजावून गेल्या. दुसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे मला स्वतः घेऊन गेल्या. काही महिने मलाही गोळ्या होत्या; सागर म्हणाला, चला, आता घरात मी एकटा नाही. दर गुरुवारी मी बाईंकडे जायचे, दीड वर्ष. मामीने पहारा सुरू केला. मोरीचं दार लावलं की बाहेरून विचारायची, अगं, आहेस ना? मी आतून 'आहे' म्हणायचे. गच्चीवर, अंथरुणात, दुकानाच्या पायरीवर, सगळीकडे आहेस ना, आहे. दिवसातून वीसदा 'आहे' म्हणावं लागलं की माणसाला ते हळूहळू पटायला लागतं. मानसिक आरोग्याबद्दल मामीची एकच ठाम कल्पना होती, त्यामुळे जिन्याखालच्या पातेल्यात दुसऱ्या दिवसापासून दोन अंडी शिजायला लागली. मला अंडं अजिबात आवडत नाही हे मला तेव्हा कळलं. सहा महिने सांगायचा धीर झाला नाही.

सागरने गोळ्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. मामीला समोर बसवून तिला त्याने आजाराचं नाव सांगितलं, ते मला चौथीपासून माहीत आहे म्हणून सांगितलं, आणि माझी गोळी यापुढे माझा मी घेईन म्हणाला. मामीला धक्का बसला, पण पाणी पिऊन ती लगेच सावरली. हे सगळं एखाद्या संस्थेच्या अहवालात लिहितात तसं सरळ चढत गेलं नाही. परीक्षेच्या आधी तो भाडेकरू सगळं सामान घेऊन परत आला होता. तेव्हा दोन दिवस मी बाईंच्या घरीच राहिले, त्यांच्या सुनेच्या हातची खिचडी खात. आजही वर्षा-दोन वर्षांनी तो दारावर टकटक करतो. फरक इतकाच की मी आता त्याला ओळखते आणि बाईंना फोन लावते. बाई सत्तरीच्या पुढे गेल्यात. "बोल, लवकर बोल, कुकर लावलाय," म्हणतात, आणि तासभर ऐकतात.

संस्थेने फॉर्ममध्ये भावंडांसाठी जागा करावी म्हणून बाई समितीशी भांडल्या. विषय धोरणात्मक असल्यामुळे त्यावर पाच बैठका झाल्या आणि पाचव्या बैठकीत 'इतर' असा एक रकाना मंजूर झाला. चपलांपाशी बसणाऱ्या अकरा मुलांनी तो पहिल्याच रविवारी भरला. त्यातल्या तिघांना बाईंनी त्याच दिवशी आत बोलावलं. केळी मात्र पुढचं वर्षभर मोजूनच येत राहिली. मी आता एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, दिवसभर खिडकीतून फॉर्म देते आणि घेते. कुणी मुलगा किंवा मुलगी रकान्यापाशी पेन धरून नुसतीच उभी राहिली, तर मी खिडकी बंद करून बाहेर येते. साहेबांना हे आवडत नाही. आणि सागर, ज्याच्यासाठी सगळं घर आठाच्या ठोक्यावर चालायचं, तो आता तेहतीस वर्षांचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे, लग्न झालंय, पोट सुटलंय. डॉक्टर मूळ आजाराचं आता नावही काढत नाहीत. वडापाव बंद करा म्हणतात.

दहावी झाल्यानंतरच्या सुट्टीतली एक दुपार मात्र सांगायची राहिली. मामांनी मला पास झाल्याबद्दल जांभळी ओढणी आणली होती. सागरला क्रिकेटसाठी पायाला पॅड हवे होते, म्हणून त्याने ती ओढणी मधोमध फाडून दोन्ही नडग्यांना गुंडाळली आणि वर जुने पुठ्ठे बांधले. मी ते पाहिलं आणि विचार न करता त्याच्या एक ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. तो आजारी, त्याला आजवर कुणी बोटही लावलं नव्हतं. सागरने गालावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि कुणीतरी मोठं बक्षीस दिल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. मग त्याने मला उलट एक लगावली. पुढची पाच मिनिटं आम्ही जमिनीवर लोळत एकमेकांचे केस ओढत होतो. स्टूल पडलं, पाण्याची कळशी लवंडली.

मामी लाटणं हातात घेऊन धावत आली. मला पुढचं वाक्य पाठ होतं, अगं, तो आजारी आहे, तुला काय झालंय. मी वाट बघत होते. मामी दारात उभी राहिली, तिने पाण्याकडे पाहिलं, ओढणीच्या चिंध्यांकडे पाहिलं, आणि लाटणं बाजूला ठेवून माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग सागरच्या पाठीत एक, तितक्याच जोराचा.

खालून दुकानातून मामांनी विचारलं, काय आदळलं?

"काही नाही," मामी जिन्यातून म्हणाली. "पोरं भांडतायत."

खाली एक शिक्का कागदावर आपटल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "भांडू देत."